खर्रा सुटल्याची बर्फी

“हा कॅन्सर आहे. मात्र लहान आहे आणि वेळेत सापडला आहे,” मुखशल्यचिकित्सक म्हणाले.

रिपोर्टमध्ये ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असे लिहिले होते. म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तरातील पेशींपासून सुरू होणारा कॅन्सर. माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ, खाली मान घालून ऐकत होते. त्यांची पत्नी, माझी मोठी आई, एवढेच बोलली, “पण डॉक्टरसाहेब, यांले तर अशक्तपणासाठी भरती केलं होतं न?”

तिचा प्रश्न रास्त होता. मोठेबाबा सावनेरजवळच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. तरुणपणापासून त्यांना खर्रा लागे. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला. गेल्या हिवाळ्यात त्यांनी तो अचानक सोडला. घरात सण असल्यासारखा आनंद झाला. मोठी आईने गल्लीभर संत्रा बर्फी वाटली आणि ज्याला त्याला सांगितले, “साऱ्या जन्मात या माणसानं पहिल्यांदा माझं ऐकलं!”

त्यानंतर ते वाळत गेले. भाकर बंद झाली, तिखट बंद झाले. वरण-भात पातळ करून ते कसाबसा गिळत. व्यसन सुटले की काही दिवस असे होत असेल, असा अर्थ आम्ही लावला. मी जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. मलाही हे स्पष्टीकरण पटले होते. साखर, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी, सारे नॉर्मल. उन्हाळ्यात ते अंगणात चक्कर येऊन पडले, तेव्हा त्यांना रुग्णालयात दाखल केले.

त्या वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक वृद्धाचे ‘ओरल स्क्रीनिंग’ होते. हे काम दंतवैद्याचे नसून परिचारिकेचे असते. कवळी काढायला लावून ती ओठ, जीभ, हिरड्या आणि गालांची आतली बाजू उजेडात पाहते, खाताना काय त्रास होतो ते विचारते. रोग ओळखणे तिच्याकडून अपेक्षित नसते. दंतवैद्याची गरज कोणाला आहे, एवढेच तिने ठरवायचे.

“तोंडात काय पाहून राहिली वं? अशक्तपणा तर पायात हाय,” मोठेबाबा कुरकुरले.

“पायाले ताकद कुठून जाते आजोबा? काढा कवळी.”

“एवढ्या लोकांसमोर?”

सिस्टरने पडदा ओढला. डाव्या गालाच्या आत, कवळीच्या कडेशी, पांढुरका, टणक चट्टा होता. खर्रा सुटल्याचे मोठी आईने तिला भरतीच्या वेळीच कौतुकाने सांगितले होते. ते आठवून तिने विचारले, “खर्रा काहून सोडला, आजोबा?”

मोठेबाबांनी आधी मोठी आईकडे पाहिले. “झोंबत होता.”

“मंग मी बर्फी वाटून राहिली होती, तेव्हा काहून नाही बोलले?” मोठी आईचा आवाज चढला.

“तू किती खुश होती वं.”

सिस्टर शांतपणे म्हणाली, “हे काय आहे, ते मी सांगू शकत नाही. पण डेंटिस्टनं पाहिल्याशिवाय यांना घरी नेऊ नका.”

दंतवैद्यांनी दुसऱ्याच दिवशी बायोप्सी केली. म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मोठेबाबा भिंतीकडे तोंड करून पडून असत. रिपोर्टनंतर झालेल्या शस्त्रक्रियेत गालाचा तो भाग आणि खबरदारी म्हणून मानेतील लसिका-गाठी काढल्या. गाठींत कॅन्सर पोहोचलेला नव्हता. “रेडिएशनची गरज नाही. जबडा उघडण्याचे व्यायाम मात्र रोज करायचे,” डॉक्टर म्हणाले.

तुमच्या घरातील वृद्ध माणसाचे जेवण बदलले, तर वयाला दोष देण्याआधी त्यांचे तोंड कोणाला तरी दाखवा. एखादी सवय आपोआप सुटली, तर अभिनंदन जरूर करा. पण कारणही विचारा. आमच्याकडे ते विचारणारी बाई दातांची डॉक्टर नव्हती. तिची मी आयुष्यभर ऋणी राहीन.

परवाच्या तपासणीत जखम पूर्ण भरलेली दिसली. घरी आल्यावर मोठेबाबांनी आपणहून भाकर मागितली. एक घास उजव्या बाजूने चावायला त्यांना बराच वेळ लागत होता. मोठी आई ताटासमोर बसून राहिली.

“पाहून काय राहिली वं? तू बी जेव.”

“जेवते. तुमचा घास होऊ द्या आधी.”


त्यांनी मान हलवली आणि सावकाश चावत राहिले. आम्ही कोणीच ताटावरून उठलो नाही.