आलेल्या तक्रारी : एक

हुमनाबादच्या कारखान्यात आमच्या टायपिस्ट बाईंना सगळे अक्काच म्हणत. टाइप केलेल्या प्रत्येक कागदाची कार्बन कॉपी त्या आपल्या खणात ठेवत. सही जिथं करायची तिथं दोन्हींवर पेन्सिलीनं बारीक फुली मारत.

बायकांच्या छळाच्या तक्रारींचा अहवाल दर वर्षी सरकारला जाई. तक्रार समितीचा सदस्य म्हणून सही माझी. आकडा नेहमी शून्य. एका वर्षी पॅकिंगमधल्या बाईनं सुपरवायझरविरुद्ध लेखी तक्रार दिली, आणि अक्कांनी 'एक' टाइप केलं.

मॅनेजर हसले. "अक्का, मिटलंय की ते. कामून वाढवायलाव?"

"मिटलं कुठं, साहेब? ती काम सोडून गेली. आन् हितं आलेल्या तक्रारी इचारल्यात, मिटलेल्या न्हाई."

अक्कांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "तुमी तरी करा सही, अण्णा."

मी चष्मा पुसत बसलो. संध्याकाळी मॅनेजरांनी शून्याचा कागद आणला, त्यावर मी सही केली.

गेल्या महिन्यात अक्का वारल्या. त्यांचा खण मीच रिकामा केला. 'एक'ची कॉपी तळाशी होती. माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीची फुली अजून दिसत होती.