खूर त्यो खूर

रिसालदाराला घोड्याची भीती वाटायची. नालबंदाला घोड्याची भीती! पण बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास शेवगावात घोड्याला नाल ठोकणारा तेवढा एकच इसम होता, आणि माझे पोट टांग्यावर होते. अडला हरी म्हणतात तसे मला त्याच्या दारात जावे लागे.

‘रिसालदार’ हे नाव त्याने स्वतःच लावून घेतलेले. भिंगारच्या छावणीत दहा वर्षे साहेबांची घोडी नालली, असे तो बाजारभर सांगे. प्रत्यक्षात त्याने जन्मभर ठोकल्या त्या बैलांच्या खुरांच्या पत्र्या. बैल दोरखंडाने आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे आणि मग हातोडा उचलायचा, एवढीच त्याची विद्या. माझ्या चंद्रीला नाल ठोकायला पहिल्यांदा आला तेव्हाही हा शहाणा दोर घेऊनच आला.

“अहो, घोडीला उभं ठेवून नालतात!” मी ओरडलो.

“जनावरच हाय न्हवं? बैल काय, घोडं काय, खूर त्यो खूर,” तो म्हणाला.

नाल तापवून खुराच्या मापाचा करायचा, ही साधी गोष्ट. पण भट्टी पेटवायचा याला कंटाळा. तयार नाल लावायचा आणि बाहेर आलेला खूरच कानशीने घासून टाकायचा. चप्पल लहान पडली म्हणून कोणी टाच तासतो का? बोललो तर वर तोंड करून म्हणे, “खूर वाढतंय मालक, लोखंड वाढत न्हाई.”

एकदा त्याचा खिळा जिव्हाळी लागला. चंद्री तीन पायांवर उभी राहिली. मी त्याला ओढत आणले, तर लांबूनच बघून म्हणतो, “नजर लागली. लिंबू बांधा.” गाढवा, खिळा तू मारलास आणि नजर कुणाची? टांगा बंद पडला. टांगा स्टँडवरचे लोक घोडीला बाजार दाखवायला सांगू लागले. लंगडी घोडी कोण कशासाठी घेतो, ते मला ठाऊक होते. मला रडू आले.

मी नाल उपटला, जखमेत हळद भरली आणि एस.टी.ने भिंगार गाठले. तिथला म्हातारा नालबंद म्हणाला, “घोडी घेऊन या.”

“लंगडी घोडी एस.टी.त बसवू?”

तो हसला आणि त्याने मला शेजारी बसवून घेतले. तीन दिवस तो नाल ठोकताना मी त्याचे हात पाहिले. आमचा रिसालदार छावणीत घोड्यांना पाणी पाजायला होता, हेही तिथेच कळले. परत आलो, पाय भरू दिला आणि चंद्रीला नाल मीच ठोकला.

पुढे वर्षभराने रिसालदार लेकीकडे पाथर्डीला कायमचा निघाला. गाठोडे घेऊन माझ्याच टांग्याशी आला. त्याला पाहताच चंद्रीने कान पाडले.

“पाय दावा जरा,” तो म्हणाला.

मी खूर उचलून धरला. त्याने भीतभीत नालाच्या कडेवरून बोट फिरवले.

“कुनी ठोकला?”

“मी. भिंगारच्या म्हाताऱ्यानं शेजारी बसवून शिकवलं.”

“ब्येस हाय,” तो म्हणाला. “मला कुनी शेजारी बसवलंच न्हाई, मालक.”

वर्षभर साठवलेल्या शिव्यांतली एकही ऐन वेळी आठवेना. “बसा,” म्हणालो. एस.टी. स्टँडपर्यंत तो वाकून टापा ऐकत होता. उतरताना मात्र खोड गेली नाही.

“मागचा डावा नाल ढिला झालाय. बगा.”

मी तोंडावर हसलो. याने मला शिकवावे! टांगा सोडल्यावर सहज हात लावून पाहिला. लेकाचे खरे होते.