भिंतीवरचा पदवीधर

आमच्या भडगाव तालुक्यात दुकानात पाय न ठेवता दुकान चालवणारा एकच माणूस, नवीन. कीटकनाशकं विकायचं लायसन हवं तर दुकानात एक शेतकीचा पदवीधर लागतो. दुकान चिंधाशेठचं, आणि शेठ आठवी. मग नवीनची बी.एस्सी. ॲग्री काचेत घालून गल्ल्यामागे टांगली आणि नवीन धुळ्याच्या अभ्यासिकेत अधिकारी व्हायला गेला. चार वर्षं झाली, अजून होतोच आहे. पदवीचं भाडं तेवढं वेळेवर येतं.

काउंटरवर वना. आधी साड्यांच्या दुकानात होता. बाटल्याही तशाच काढून दाखवतो, "ही घ्या भाऊ, बठ्ठा गाव हीच नेतोय."

नवीनचे वडील जीवराम आबा मात्र छाती काढून तिथेच जायचे. यंदा कपाशीवर मावा पडला. वनानं दिलेली बाटली पंपात ओतताना आई बेबाबाई म्हणाली, "वास येगळा येस."

"पोरगानं दुकान शे," आबा म्हणाले आणि फवारायला लागले.

बाटली तणनाशकाची होती. आठ दिवसांत चार एकरांतली पानं भेंडीच्या पानांसारखी चिरली, शेंडे वाकडे झाले. वनाचा सल्ला तयारच होता, "हवामान आहे, आबा."

दोघं नवरा-बायको तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार द्यायला गेले. लायसनवरच्या जबाबदार माणसाचं नाव लिहिल्याशिवाय पंचनामा नाही आणि पंचनाम्याशिवाय भरपाई नाही. कारकुनानं रेकॉर्ड काढलं आणि चष्म्यावरून आबांकडे पाहिलं. "नवीन जीवराम. नाना, हा तुमचा कोण?"

आबा बाहेर आले, धुळ्याला फोन लावला.

"आबा, मनं नाव लिखू नका!" नवीन रडकुंडीला आला. "मंग माले नोकरी कोन देई? मी ते ती बाटली पाहीबी नही!"

"तेच ते लिखनं शे," आबा म्हणाले आणि फोन ठेवला. पण आत येऊन पेन हातात घेतलं, तर ते काही केल्या टेकेना.

कारकुनाला दया आली. "विचार करा नाना. पोराचं नाव खराब होईल."

बेबाबाईनं अर्ज नवऱ्यापुढे सरकवला. "कपाशी खराब हुई गई, साहेब. ती तरी कामनी व्हती."

आबांनी नाव लिहिलं. पूर्ण, ठळक अक्षरात.