पिसवांपायी घालवलेली मांजर

त्या वर्षी पिसवांनी मला रडकुंडीला आणलं. माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या पोटऱ्यांवर लाल गांध्या उठल्या होत्या, खाजवून खाजवून ती रक्त काढायची. घरात मांजर होती, आणि त्या मांजरीवर पोरीचा फार जीव.

मी काय करायचं बाकी ठेवलं? कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं मांजरीला आंघोळ घातली, तिनं माझे हात ओरबाडले. फणीनं विंचरून पिसवा काढल्या, नखावर चिरडल्या. दर दोन दिवसांनी घर सारवलं. सारवण वाळतंय न वाळतंय तोच मेल्या टणाटण उड्या मारत हजर!

सासूबाई म्हणाल्या, "तुझं सारवणच नीट नाय गं."

माझं डोकंच फिरलं. ह्यांना म्हटलं, "ही मांजर घराबाहेर काढा, नायतर मी माहेरी जाते." हे तेव्हा नुकतेच रसायनीला कामाला लागले होते. जाताना मांजरीला गोणीत घालून नेलं आणि लोधिवलीला सोडलं. वाट दिसली तर मांजर परत येते, म्हणून गोणीत न्यायची. पोर अंगणात लोळण घेऊन रडली. मी म्हटलं, "रड दोन दिवस. पाय तरी बरे होतील."

कसले बरे! आठवड्यात तिचं पोट, मान, सगळं अंग फुटलं. मांजर नाही, तर या येतात कुठून?

भाताच्या कणगीखालून! ओल लागू नये म्हणून कणगीच्या बुडाशी पेंढा घालतात. एकदा भरली की भात संपेपर्यंत तिला कुणी हलवत नाही, सारवणाचा हातही भोवतीनंच फिरतो. मांजर तिथंच निजायची. मी काठीनं पेंढा ओढला तर पिसवा नुसत्या उसळल्या. इतके दिवस मांजरीला खात होत्या, ती गेल्यावर पोरीवर तुटून पडल्या.

सगळं भात उपसलं, पेंढा जाळला. दुसऱ्या दिवशी लोधिवलीला जाऊन घरोघर विचारलं. मांजर कुणी पाहिली नव्हती.

घरी आले तर पोर ओट्यावर वाट बघत होती. म्हणाली, "आये, तिची चूक नव्हती असं मांजरीला सांगितलंस ना?"

"भेटली तर सांगेन ना!" मी तिच्यावरच खेकसले, आणि तिच्याशेजारी रडत बसले.