लोलाक्षीने सोडलेला दोर

केरियप्पाइतका भांडखोर प्रेक्षक आमच्या गावाला पुन्हा मिळायचा नाही. पोफळीवर चढून सुपारीचे घड उतरवणं हा त्याचा धंदा. एका शेंड्यावरून झोका घेऊन दुसरं झाड पकडायचा, आणि जमिनीला पाय न लावता वरूनच खालच्यांशी भांडायचा. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो, पण शिवी कशी खणखणीत द्यावी हे त्याच्या झाडाखाली शिकलो.

आमच्याकडे नाट्यशाळा आहे आणि तिची एक रीत आहे. संध्याकाळी खेळ बघायचा, सकाळी पोहे आणि धणे-जिऱ्याचा गरम कषाय घेत सगळ्यांनी मिळून त्याचा अर्थ लावायचा. कोणीही उठावं, बोलावं. केरियप्पा दरवेळी उठे. एकदा म्हणाला, "पहिल्या अंकात मेलेला राजा शेवटी हसत नमस्कार कशाला करतो? मेला तर मेलेला राहा म्हणावं!" नाट्यशाळा चालवणाऱ्या शेषगिरी भटांनी कपाळाला हात लावला. मी पोह्यांची दुसरी बशी घेतली. असली सकाळ सोडून घरी कोण जातो?

तर, त्याची मुलगी लोलाक्षी. आई गेल्यावर बापाने तिला सांगितलं, "आता दोर तू धर." तिने नाही म्हटलं आणि बेंगळुरूला नाच शिकायला निघून गेली. घड उतरवताना दोराचं एक टोक वर झाडाला असतं, दुसरं खाली कोणीतरी ताणून धरतो. घड त्यावरून घसरत खाली येतो. केरियप्पाचं खालचं टोक जन्मभर त्याच्या बायकोच्या, गुत्यम्माच्या हातात होतं. आणि चढणाऱ्याशी ज्याला कायमचं नातं तोडायचं असतं, तो आमच्याकडे भर कामात हातातला दोर सोडून देतो. मग त्या दोन घरांत पाणीसुद्धा चालत नाही.

परवा लोलाक्षी तिचा नवा नाच घेऊन आली. पिशवी बापाच्या घरी ठेवली, दोघं एकमेकांशी बोलली नाहीत, आणि ती रंगमंचावर गेली. गाणं नाही, दागिने नाहीत. छतापासून काथ्याचा एक दोर लोंबत होता. ती त्याचं खालचं टोक धरून मान मागे टाकून वर बघत राहिली. मोकळ्या हातात काहीतरी झेललं, खाली बसून सोललं, पुन्हा उठून टोक धरलं, पुन्हा वर पाहिलं. असं कितीतरी वेळ. शेवटी बोटं एकेक करून उघडली आणि दोर सोडला. तो रिकामाच हलत राहिला. अंधार झाला.

केरियप्पा उठून गेला. लोलाक्षी घरी पोचली तेव्हा तिची पिशवी अंगणात पडली होती आणि दाराला आतून कडी होती. ती माझ्या घरी झोपली.

सकाळी बेंगळुरूच्या एका पाहुण्या बाईंनी सुरुवात केली. "दोर म्हणजे परंपरा. तो सोडणं म्हणजे स्त्रीची मुक्ती."

"मुक्ती?" केरियप्पा ताडकन उठला. "अहो बाई, हिने अख्ख्या गावासमोर माझ्याशी तोडलं! घरात येऊन सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तिकीट लावून सांगितलं."

"केरियप्पा, बसा हो मारायरे," शेषगिरी भट हात जोडून म्हणाले.

"तुम्ही बसा! तुम्हीच माकडं नाचवता."

लोलाक्षी जागची हलली नाही. "अप्पा, तो दोर माझ्या हातात नव्हता. अम्माच्या हातात होता."

"तुझी अम्मा असा दोर सोडणारी नव्हती!"

"सोडला होता. त्या दिवशी घड सरळ चिखलात पडला. तुम्ही वरून ओरडलात, 'तोडतेस? जा मग, बापाकडे जा तुझ्या!' आणि ती पाचोळ्यात मरून पडली होती. मी टोपली घेऊन तिथेच उभी होते. तिने तोडलं नव्हतं, अप्पा. तिचा जीव गेला होता."

ती शिवी बागेतल्या सगळ्यांनी ऐकली होती, पण त्याच्या तोंडावर आजवर कोणी काढली नव्हती. आता हा रडेल असं मला वाटलं. छे! त्याचा आवाज आणखी चढला.

"मग अर्धाच का दाखवलास? वर कोणीच नव्हतं? मी नव्हतो? मला पुसून टाकलंस?"

"तुम्हाला कसं नाचू? तुम्ही फक्त ओरडता."

"मग ओरडायला माणूस ठेवायचा होतास!" असं म्हणून तो गेला. कषायही प्यायला नाही.

संध्याकाळी त्याच नाचाचा दुसरा खेळ होता. केरियप्पा येऊन मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. भट माझ्या कानात म्हणाले, "हा आज काहीतरी फेकणार." लोलाक्षीने वर बघितलं, झेललं, सोललं. बोटं उघडली. दोर सुटला. आणि मागून, थेट पोफळीच्या शेंड्यावरून यावा तसा आवाज आला, "तोडतेस? जा मग, बापाकडे जा तुझ्या!"

ती दचकली. पुढे नाचात नव्हतं ते तिने केलं: हळूच कुशीवर पडली आणि अंधार होईपर्यंत तशीच पडून राहिली.

पाहुण्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "तो आवाज म्हणजे समाज."

"समाज कसला," मी म्हटलं, "तिचा बाप आहे तो."

मी लोलाक्षीला घरापर्यंत सोडायला गेलो. पिशवी अंगणातून पडवीत आली होती. आत मात्र नाही. दाराला कडी नव्हती. तिने ती स्वतःच उचलली आणि उंबरठ्यावर पाय ठेवला.

"पाय पूस आधी!" केरियप्पा आतून खेकसला. "आणि वर बघताना मान एवढी मागे टाकत नव्हती तुझी अम्मा. चुकीचं आहे सगळं."