साडे ३८ फूट

मी प्रोग्रामर आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. उगाच नम्रतेचा आव आणायला मला जमत नाही. सांगलीत आमची गल्ली नदीला लागूनच. पावसाळ्यात वरच्या गावातली माणसं त्यांच्या पुलावरची पाण्याची पातळी व्हॉट्सॲपवर कळवायची. तिथं साडेअडतीस फूट झालं की काही तासांत पाणी आमच्या दारात. तेवढ्यात घरं सोडायची, हा गल्लीचा जुना नियम.

पण त्या मेसेजांत शुभ सकाळ, फोन नंबर, वेळ, फुलांची चित्रं, नुसती खिचडी. म्हणून मी एक रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरातून हवं तेवढंच शोधून काढणारं सूत्र, लिहिलं: 'फूट' या शब्दाआधीचा आकडा तेवढा उचलायचा, मग तो 38 असो की ३८, बाकीचं सोडून द्यायचं. अशा आकड्यांची यादी आपोआप गल्लीच्या ग्रुपवर पडायला लागली. इतकी वर्षं वहीत पातळी लिहिणारे माझे चुलते म्हणाले, "पाणी काय तुझ्या कम्प्युटरला इचारून चढतंय व्हय?" मला असा राग आला!

पूर आला त्या दुपारी यादीत ओळीनं तीनदा ३८ आलं. पाणी थांबलंय, असं मी ग्रुपवर ठासून सांगितलं. शेजारच्या काकू अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना हलवणार होत्या. त्यांनी आलेली रिक्षा परत पाठवली. तेवढ्यात चुलते मोबाइल नाचवत आले.

"आगं, पुलावरचा ह्यो माणूस 'साडे ३८ फूट' म्हणतोय. तुझं यंत्र साडे खातंय!"

मी मूळ मेसेज उघडून पाहिला. माणसं आकडा टाइप करतात, पण त्याच्या आधीचं सव्वा, साडे, पावणे अक्षरातच लिहितात. मीही तेच करते की! आधी ग्रुपवर लिहिलं, "माझी चूक. साडेअडतीस झालंय. निघा." मग गल्लीतल्या आम्ही चौघांनी काकूंच्या सासूबाईंना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून उंचावरच्या शाळेत नेलं.

शाळेच्या पायरीवरच लॅपटॉप उघडला. आकड्याआधी या तिन्ही शब्दांना जागा दिली: सव्वा असेल तर पाव मिळवायचा, साडे असेल तर अर्धा, पावणे असेल तर पाव वजा. जुने सगळे मेसेज त्यातून काढून चुलत्यांच्या वहीशी ताडून पाहिले. एकही फरक नाही. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

संध्याकाळी काकूंच्या घरात कॉट बुडेल एवढं पाणी होतं. सासूबाई शाळेत चहा पीत होत्या. त्यांनी चुलत्यांना विचारलं, "आरं, पुलावर आता किती हाय?"

चुलत्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"तिला इचारा, मावशी. तिचं बरोबर असतंय."