खालाच्या घरचा मुका टीव्ही

मालिकेत कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा जाऊन आदळायला लागला, की खाला शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "आता ही रडणार बघ." आणि ती रडायचीच. आवाज मात्र यायचा नाही. खालाची लेक सना पंचविशीची. मालिकेतला तो ढणढणाट सुरू झाला की कान गच्च दाबून भिंतीला चिकटायची. म्हणून त्या घरात टीव्ही मुका आणि संवाद खालाच्या तोंडचे.

शहागंजमागच्या आमच्या गल्लीतल्या बायका साडीला फॉल लावायच्या निमित्तानं तिथं ठाण मांडायच्या. मीही त्यातलीच. तुम्हाला खोटं वाटेल, पण खालाचे संवाद मूळ लेखकापेक्षा सरस असत. सासूनं सुनेवर डोळे वटारले की खाला म्हणायची, "अगं, दूध उतू गेलं, अन् तू नटून काय उभी?"

सनाला ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात तो. गल्लीत 'जरा वेगळी आहे' म्हटलं की विषय संपायचा. मग एका मालिकेत तशी एक मुलगी आली. ती कोपऱ्यात बसून झुलायची आणि अशी काही चित्रं काढायची, की पोलिसांना खुनी सापडायचा. झालं, बायका खालाला विचारायला लागल्या, "तुमच्या सनाला काय येतं हो?"

"भूक येते," खाला म्हणायची. "झोप येते. राग तर लई येतो."

सना मनात आलं तर बटणं लावायची. नसलं तर एखादी मऊ चिंधी बोटांवर फिरवत दुपार काढायची. खालाला दोन्ही चालायचं. करामत हवी होती ती आम्हाला.

पुढं मालिकेतल्या त्या मुलीचं लग्न झालं. नवऱ्यानं हात धरला आणि ती घडाघडा बोलायलाच लागली. ते पाहून सिल्लोडहून खालाची नणंद आली, सनासाठी एका विधुराचं स्थळ घेऊन.

"आदमी अच्छा है, भाभी. टीव्ही में देखी ना? शादी के बाद कैसी सुधर गई."

"त्यांना मालिका संपवायची होती, म्हणून सुधरली," खाला म्हणाली.

नणंद चिडली नाही. हळूच म्हणाली, "और तेरे बाद? कौन देखेगा इसकू?"

मशीन थांबलं. खालाचा नवरा केव्हाच गेलेला, तिचं स्वतःचं काळीज कमजोर. या एका प्रश्नानं तिची झोप उडाली होती, हे मला ठाऊक होतं. वाटलं, आता ही वाकणार. खालानं दातानं दोरा तोडला.

"तू देख ना. इतना प्यार है तो तूच ले जा. उसकू नवरा नक्को, घर होना."

नणंद चहा तसाच टाकून उठली. पुढं ईदलाही आली नाही. खाला तेव्हा मात्र रडली. मला म्हणाली, "लई कडू बोलले का गं? पण तिच्याशिवाय विचारलं तरी कुणी?"

गेल्या हिवाळ्यात खाला गेली. नणंद मय्यतीला आली, रडली आणि परत गेली. सनाला आम्ही आळीपाळीनं जेवण नेत होतो, सोबतीला झोपत होतो. पण असं किती दिवस चालणार? कुणी वसतिगृहाचं नाव काढलं. कुणी त्या विधुराचंही काढलं.

खालाचे चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले आणि दारात जीप थांबली. नणंद उतरली. मालिकेत अशा वेळी धावत जाऊन मिठी मारतात. ही उंबऱ्यावर बसली. आत सना भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"चलें क्या, फुफी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"वो उठेगी तब. मेरेच घर तो ले जाना है, जल्दी क्या?"

गल्लीतलं ऊन समोरच्या घरावर चढलं. कुणी सनाला हाक मारू गेलं, तर सनाची ही फुफी, म्हणजे आत्या, हातानंच गप्प करायची. अखेर सना उठली, चपला घातल्या, फुफीच्या बाजूनं निघून जीपमध्ये खिडकीशी जाऊन बसली आणि फुफीच्या तोंडावर दार लावून घेतलं.

फुफी डोळे पुसत हसली आणि पलीकडच्या दाराकडे गेली.